एका उपसूचनेवर फिरलेली निवडणूक

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. मिरजेतल्या तुझ्या दवाखान्यात येणारी माणसे आजारापेक्षा खर्चाच्या धास्तीनेच अधिक खचलेली असतात, आणि तरीही मतदानाच्या दिवशी रस्ता, पाणी, जात आणि अनुदान यांवरच मते पडतात, असे तू लिहिले आहेस. केवळ आरोग्याच्या प्रश्नावर एखादी निवडणूक फिरल्याचे अमेरिकेत तरी मी पाहिले आहे का, असा तुझा प्रश्न आहे. पाहिले आहे, आणि तेही मी राहतो त्याच मतदारसंघात. 2018 सालच्या नोव्हेंबरमध्ये न्यू जर्सीच्या तिसऱ्या मतदारसंघातून टॉम मॅकआर्थर हे रिपब्लिकन प्रतिनिधी पराभूत झाले. सुमारे तीन लाख मतांपैकी डेमोक्रॅट पक्षाचे अँडी किम यांना चार हजारांहून थोडी कमी मते जास्त मिळाली. हे कसे घडले ते तुला सविस्तर सांगावेसे वाटते, कारण तुझ्या प्रश्नाचे उत्तर त्या तपशिलातच आहे.

हा मतदारसंघ त्या वेळी डेलावेअर नदीपासून थेट अटलांटिकच्या किनाऱ्यापर्यंत पसरलेला होता. पश्चिमेकडील बर्लिंग्टन काउंटीत फिलाडेल्फियाची उपनगरे आहेत. माउंट लॉरेल आणि मार्लटन येथे आपल्यासारखी बरीच भारतीय कुटुंबे राहतात. मधल्या भागात पाइनची विरळ वस्तीची अरण्ये, क्रॅनबेरीचे मळे आणि मोठा लष्करी तळ आहे, तर पूर्वेकडील ओशन काउंटीत टॉम्स रिव्हरच्या आसपास निवृत्तांच्या वसाहती आहेत. या मतदारसंघाने ओबामांना दोनदा आघाडी दिली आणि 2016 मध्ये ट्रम्प यांना. त्याच वर्षी मॅकआर्थर सुमारे वीस टक्क्यांच्या फरकाने निवडून आले होते. त्यांना कोणी हरवू शकेल असे तेव्हा येथे कोणाच्या मनातही नव्हते.

आता मूळ कायद्याविषयी थोडे. 2010 च्या आरोग्यसेवा कायद्याने, ज्याला सर्वजण ओबामाकेअर म्हणतात, विमा कंपन्यांना दोन गोष्टींची सक्ती केली: आधीपासून आजार आहे म्हणून कोणालाही विमा नाकारायचा नाही, आणि त्या आजाराच्या कारणाने जास्त हप्ताही आकारायचा नाही. न्यू जर्सीने हे दोन्ही नियम 1992 च्या कायद्यानेच लागू केले होते. परंतु निरोगी माणसांनीही विमा घ्यावा यासाठी सक्ती नव्हती आणि मदतही नव्हती, त्यामुळे हप्ते चढत गेले, धडधाकट माणसे बाहेर पडली आणि विमा प्रामुख्याने आजारी माणसांचाच उरला. म्हणून 2010 नंतर हप्त्यासाठी मिळू लागलेल्या सरकारी साहाय्याचे मोल येथील लोकांना फार नेमके कळत होते. गरिबांसाठीच्या मेडिकेड योजनेचा विस्तारही या राज्यात ख्रिस क्रिस्टी या रिपब्लिकन गव्हर्नरने स्वीकारला होता, हे मुद्दाम लक्षात ठेव.

ट्रम्प निवडून आल्यावर रिपब्लिकनांनी हा कायदा मोडीत काढण्यासाठी विधेयक आणले, परंतु 24 मार्च 2017 रोजी मतदानाआधीच ते मागे घ्यावे लागले, कारण पक्षातल्या कडव्या गटाला ते अपुरे वाटत होते आणि मवाळ गटाला अती. येथे मॅकआर्थर पुढे आले. ते मवाळांच्या ‘ट्यूजडे ग्रुप’चे सहअध्यक्ष होते, त्यांनी कडव्या ‘फ्रीडम कॉकस’चे मार्क मेडोज यांच्याशी बोलणी करून एक उपसूचना तयार केली आणि मेलेल्या विधेयकात पुन्हा प्राण फुंकले. त्या उपसूचनेनुसार एखादे राज्य केंद्राकडून सूट मागून घेऊ शकले असते: विम्यात कोणत्या सेवा असल्याच पाहिजेत ते स्वतः ठरवण्याची, आणि ज्याच्या विम्यात 63 दिवस किंवा त्याहून मोठा खंड पडला आहे अशा माणसाकडून त्याच्या प्रकृतीप्रमाणे एक वर्षापर्यंत हप्ता घेऊ देण्याची. विमा नाकारण्याची बंदी कागदावर कायमच राहणार होती, आणि मॅकआर्थर शेवटपर्यंत त्याच वाक्याचा आधार घेत राहिले. पण कर्करोगातून उठलेल्या माणसाला ‘तुला विमा देतो, हप्ता मात्र तुझ्या पगाराएवढा’ असे म्हणणे म्हणजे दार उघडे ठेवून उंबरठा छातीएवढा करणे होय.

4 मे 2017 रोजी प्रतिनिधीगृहाने ते विधेयक 217 विरुद्ध 213 मतांनी संमत केले. त्याचा खर्च आणि परिणाम मोजणारा काँग्रेसच्या अंदाजपत्रक कार्यालयाचा अहवाल येण्याचीही वाट पाहिली गेली नाही. तो आला 24 मे रोजी. 2026 पर्यंत 2 कोटी 30 लाख माणसे अधिक विमाविहीन होतील, मेडिकेडवरील खर्च दहा वर्षांत 834 अब्ज डॉलरने घटेल, असे त्यात होते. आणखी एक आकडा मी कधीच विसरणार नाही. वर्षाला 26,500 डॉलर कमावणाऱ्या 64 वर्षांच्या माणसाला चालू कायद्यात साहाय्य वजा जाता 1,700 डॉलर हप्ता पडत होता; नव्या विधेयकात तो राज्याच्या निर्णयाप्रमाणे 13,600 ते 16,100 डॉलर झाला असता. मेडिकेअर, म्हणजे वृद्धांसाठीचा सरकारी विमा, पासष्टाव्या वर्षी सुरू होते. ओशन काउंटीत साठीच्या आसपासची, नोकरी सुटलेली आणि मेडिकेअरची वाट पाहणारी माणसे पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी हा आकडा वर्तमानपत्रातला राहिला नाही, तो घरातला झाला.

मला स्वतःला ते 63 दिवस बोचले, हे तुझ्यापाशी सांगतो. तुझ्या वहिनीला मधुमेह आहे, तुला ठाऊकच आहे. त्याआधी काही वर्षे माझी नोकरी गेली तेव्हा दुसरी लागेपर्यंत आम्ही विम्याविना होतो. जुन्या नोकरीचा विमा संपूर्ण हप्ता स्वतः भरून चालू ठेवण्याची सोय असते, पण ज्याचे उत्पन्नच थांबले आहे त्याने तो भरायचा कसा? ज्याच्या विम्यात खंड पडतो तो बहुधा निष्काळजी नसतो. आजारानेच त्याची नोकरी गेलेली असते आणि नोकरीबरोबर विमाही. म्हणजे ज्याला संरक्षणाची सर्वांत अधिक गरज आहे, नेमका तोच त्या कलमात सापडला असता. परदेशातून आलेल्या आमच्यासारख्यांना हे जास्तच जाणवते. आपले आईवडील सहा महिन्यांसाठी येतात तेव्हा रक्तदाबाच्या गोळ्या पिशवीत भरून आणतात, कारण पाहुण्यांचा विमा जुन्या आजाराचा खर्च देत नाही. तुमच्याकडच्या मेडिक्लेममध्येही आधीच्या आजारासाठी काही वर्षे थांबावे लागतेच की.

न्याय करायचा तर मॅकआर्थर यांच्या धैर्याबद्दलही लिहिले पाहिजे. त्या काळात विधेयकाच्या बाजूने मत दिलेले कितीतरी प्रतिनिधी लोकांसमोर जाण्याचे टाळत होते. मॅकआर्थर मात्र मतदानानंतर सहाच दिवसांनी, 10 मे रोजी, विलिंगबरो या डेमोक्रॅट बहुमताच्या गावी जाहीर सभेत उभे राहिले आणि जवळजवळ पाच तास प्रश्नांना तोंड देत राहिले. मी ती सभा प्रक्षेपणात पाहिली. पत्नीच्या कर्करोगाबद्दल एक माणूस संतापाने, थरथरत बोलला आणि सभागृह त्याच्या बाजूने उसळले. मॅकआर्थर यांनी आपल्या वारलेल्या मुलीच्या दीर्घ आजारपणाचा उल्लेख केला तेव्हा काहींनी त्यांनाही बोलू दिले नाही. ते मला आवडले नाही, आणि आजही आवडत नाही. ज्याने स्वतःचे मूल गमावले आहे त्याच्या दुःखावर कोणी संशय घेऊ नये. परंतु त्यांचे दुःख खरे असल्याने त्यांच्या कलमाचा परिणाम बदलत नव्हता. न्यू जर्सी अशी सूट कधी मागणारच नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो कदाचित खराही ठरला असता; पण मेडिकेडमधील कपात सूट न मागणाऱ्या राज्यालाही चुकणार नव्हती, आणि दुसऱ्या राज्यातील आजारी माणसाशी आपला काही संबंध नाही, असे म्हणणे कायदे करणाऱ्याला शोभत नाही.

पुढे सिनेटमध्ये 28 जुलैच्या पहाटे रिपब्लिकन पक्षाच्याच जॉन मॅकेन यांच्या विरोधी मताने तो सारा खटाटोप 49 विरुद्ध 51 असा कोसळला. म्हणजे कायदा बदललाच नाही. तरीही लोक ते मत विसरले नाहीत.

अँडी किम यांचे नाव तोपर्यंत फारसे कोणाला ठाऊक नव्हते. कोरियातून आलेल्या आईवडिलांचा, दक्षिण जर्सीत वाढलेला हा मुलगा. आई परिचारिका, वडील जनुकशास्त्राचे संशोधक. अफगाणिस्तानात आणि नंतर ओबामांच्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेत त्यांनी काम केले होते. निवडणुकीला उभे राहण्याचे कारण त्यांनी पहिल्यापासून स्पष्ट सांगितले: मॅकआर्थर यांची उपसूचना. रिपब्लिकन पक्षाने त्यांच्याविरुद्ध मेलेल्या माशांचे चित्र आणि आशियाई वळणाची अक्षरे वापरून पत्रके घरोघर टाकली, ज्याचा आम्हा आशियाई कुटुंबांना अतिशय संताप आला. किम मात्र औषधांच्या किमती आणि विमा यांवरच बोलत राहिले. त्या शरद ऋतूत मी शनिवारी दारोदार प्रचाराला जात असे. लोक पक्षाचे नाव काढण्याआधी आपल्या औषधाचे नाव काढत. कोणी इन्सुलिनची कुपी किती पुरवून वापरावी लागते ते सांगे, कोणी सव्वीस वर्षांचा होऊन आईच्या विम्यातून बाहेर पडणाऱ्या मुलाची काळजी बोलून दाखवी. ट्रम्प यांना मत दिलेली घरेही त्यांत होती. त्यातच टेक्साससह अनेक राज्यांनी त्या कायद्याविरुद्ध दावा दाखल केला होता आणि जून 2018 मध्ये खुद्द न्याय खात्याने जुन्या आजाराविषयीच्या तरतुदींचा बचाव करण्यास नकार दिला, त्यामुळे धोका टळला आहे असे कोणालाही म्हणता येईना.

मतमोजणीच्या रात्री मॅकआर्थर थोडे पुढे होते. बर्लिंग्टनमधील टपाली मते मोजली गेली तसे पारडे फिरले, आणि 14 नोव्हेंबरला त्यांनी पराभव मान्य केला. इतक्या निसटत्या निकालाचे श्रेय एकाच कारणाला देणे धाडसाचे आहे, हे मी जाणतो. डिसेंबर 2017 च्या करकायद्याने राज्य आणि स्थानिक करांच्या वजावटीवर 10,000 डॉलरची मर्यादा घातली, घरपट्टी अवाढव्य असलेल्या न्यू जर्सीला त्याचा मोठा फटका बसला, आणि येथील रिपब्लिकन प्रतिनिधींपैकी एकट्या मॅकआर्थर यांनी त्याच्या बाजूने मत दिले होते. ट्रम्प यांच्याविषयीचा रोषही होता. पण देशभरच्या मतदानोत्तर पाहणीत 41 टक्के मतदारांनी आरोग्यसेवा हाच सर्वांत महत्त्वाचा प्रश्न सांगितला आणि त्यांतील सुमारे तीन चतुर्थांश डेमोक्रॅटांकडे गेले. वीस टक्क्यांची आघाडी दोन वर्षांत पुसली जावी, यामागे त्या उपसूचनेइतके वजनदार दुसरे कारण मला तरी दिसत नाही.

आता तुझ्या मूळ प्रश्नाकडे येतो. आजारपण मिरजेतही आहे, कर्जबाजारी होणेही आहे. मग मत का फिरत नाही? माझ्या मते येथे लोकांना एक माणूस बोट दाखवून सांगता आला. कलमाला त्याचे नाव होते, मताची तारीख होती, आणि त्याने पक्षाचा आदेश म्हणून मत दिले असे त्याला म्हणता येत नव्हते, कारण त्याच विधेयकाविरुद्ध न्यू जर्सीतील लान्स, लोबिओन्डो आणि स्मिथ या त्याच्याच पक्षाच्या तिघांनी मत दिले होते. आपल्याकडे 1985 च्या पक्षांतरबंदीनंतर आमदार किंवा खासदार सभागृहात पक्षादेशाप्रमाणे मत देतो. फोडाफोडी रोखण्यासाठी तो कायदा आला, त्याची गरजही मी नाकारत नाही. परंतु ग्रामीण रुग्णालयातील रिकाम्या पदांसाठी किंवा महात्मा फुले योजनेतून नाकारलेल्या रुग्णासाठी तुझ्या मतदाराने नेमके कोणाला जबाबदार धरायचे? ती जबाबदारी मंत्रालय, जिल्हा परिषद, विमा कंपनी आणि रुग्णालय यांच्यात इतकी विभागली जाते की मतपत्रिकेवर पोहोचेपर्यंत ती कोणाचीच उरत नाही.

किम 2020 मध्ये त्याच मतदारसंघातून पुन्हा निवडून आले, जेथे ट्रम्प त्या वर्षीही निसटते पुढे होते. 2022 मध्ये मेडिकेअरच्या रुग्णांसाठी इन्सुलिनचा खर्च महिन्याला 35 डॉलरवर आणणाऱ्या कायद्याला त्यांनी मत दिले. आता ते सिनेटमध्ये आहेत.

फुले योजनेचा रुग्ण तुझ्याकडे येतो तेव्हा मंजुरीपासून पैसे मिळेपर्यंत काय काय होते, आणि तो कोठे अडतो, हे पुढच्या पत्रात मला सविस्तर लिही. ते समजल्याशिवाय तुमच्याकडे कोणाला कोणता प्रश्न विचारावा हे मला नीट सांगता येणार नाही. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा स्नेहांकित मित्र