गुलाबाचे खत आणि ड्रमचा वास

तालुका आर्वी, जिल्हा वर्धा
कोजागिरीनंतरचा सोमवार

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोचले. गुलाबांसाठी तू मांडलेल्या खताच्या ड्रमची हकिकत वाचून घरात सगळे पोट धरून हसले. ड्रम गोठ्यामागे गेल्याशिवाय चूल पेटणार नाही, असे वहिनींनी बजावल्याचा मजकूर तर सौभाग्यवतींनी मला पुन्हा मोठ्याने वाचायला लावला. मात्र त्याच पत्रात तू असेही लिहिले आहेस की, वास जितका उग्र तितके खत जोरदार, म्हणून तू ढेप (तेल काढून उरलेली पेंड) आणि शेण घट्ट झाकणाखाली महिनाभर कुजवत ठेवणार आहेस. हे मला मुळीच पटलेले नाही, आणि तू ते ड्रमभर पाणी झाडांना घालण्याआधी माझे म्हणणे तुझ्यापर्यंत पोचावे म्हणून लगेच लिहायला बसलो आहे.

ढेपेत किंवा शेणात जे नत्र, म्हणजे नायट्रोजन, असते, ते बहुतांशी प्रथिनांत बांधलेले असते. जिवाणू ती प्रथिने फोडतात तेव्हा शेवटी अमोनिया तयार होतो. तो पाण्यात किंवा मातीत राहिला तर झाडाच्या कामी येतो, आणि हवेत उडाला तर नाकाला झोंबतो. म्हणजे झाकण उघडल्यावर तुझ्या डोळ्यांतून जे पाणी येते, ते गुलाबाच्या वाट्याचे नत्र निघून चालल्यामुळे येते. सडक्या अंड्यासारखा जो वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा. हवा न मिळालेल्या पाण्यात प्रथिनांतले गंधक त्या वाटेने बाहेर पडते. अशा कोंडलेल्या पाण्यात काही आम्लेही तयार होतात, आणि ती कोवळ्या पांढऱ्या मुळांना सोसत नाहीत. तेव्हा वास हा जोराचा पुरावा नाही. फार तर आत हवा पोचत नाही, एवढे त्यावरून कळते.

अजिबात वास नसलेले ढेपेचे पाणी मात्र मीही पाहिलेले नाही, आणि तसे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नकोस. माझ्या सांदवाडीत, म्हणजे परसात, निंबाच्या सावलीत जो ड्रम आहे, त्यातल्या पाण्यावर दुसऱ्या दिवशी तपकिरी साय धरते, कडेने बारीक बुडबुडे फुटत राहतात आणि काठी घातली की तळाची ढेप ढगासारखी वर येते. तेव्हा येणारा वास आंबट आणि उग्र असतो, पण तो सोसवतो. सकाळ-संध्याकाळ ढवळत राहिले तर आठवड्याच्या शेवटी तो बराच बसतो. पाणी काळे पडले आणि अंड्याचा वास सुटला, तर ढवळण्यात खाडा झाला असे खुशाल समजावे. तोंडाला झाकण न लावता तरट किंवा पातळ सुती कापड सुतळीने बांधावे. हवा जाते, माशा आत अंडी घालत नाहीत आणि आतला वायू कोंडून ड्रम फुगत नाही. घट्ट झाकण उघडताना तोंड ड्रमवर नेऊ नकोस. हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू आहे, आणि त्याची मात्रा वाढली की नाकाला तो कळेनासा होतो, हा त्यातला खरा धोका.

आता ढेपेविषयी. आपल्या भागात सरकीची ढेप पोत्यांनी मिळते, त्यामुळे तुझ्या मनात तीच येणे स्वाभाविक आहे. पण सालासकट सरकीच्या ढेपेत नत्र साधारण 4 टक्के असते, शेंगदाण्याच्या ढेपेत 7 टक्क्यांच्या आसपास, निंबोळीच्या ढेपेत 5 टक्क्यांच्या आसपास. शिवाय सरकीची ढेप हे दुभत्या जनावराचे खाणे आहे. आमच्या गवळाऊ गाईपुढची ढेप उचलून गुलाबाला घालणे मला जिवावर येते, कारण गाईने ती खाल्ली तर दूधही मिळते आणि शेणाच्या वाटेने खतही परत येते. म्हणून सरकी गोठ्यात आणि शेंगदाण्याची खवट झालेली, जनावरालाही घालता येणार नाही अशी ढेप ड्रममध्ये, असा आमच्या घरचा नियम आहे. एक किलो ढेप दहा लिटर पाण्यात भिजवावी, आठवडाभर ढवळावी, कापडाने गाळावी आणि गाळलेल्या एका भागात दहा भाग साधे पाणी मिसळून ओल्या मातीत, बुंध्यापासून वीतभर दूर घालावी. मोठ्या झुडपाला दोन लिटर पुरते, कुंडीला त्याचा चौथा हिस्सा. कोरड्या मातीत घातले तर मुळे करपतात, म्हणून आदल्या दिवशी साधे पाणी देणे चुकवू नये. गाळून उरलेला चोथा फेकायचा नाही. तो मातीखाली दाबला की वासही दबतो. उघडा ठेवलास तर गावातली सगळी कुत्री तुझ्या वाफ्यांची मशागत करून जातील. निंबोळीची ढेप मात्र भिजवण्याच्या भानगडीत न पडता कोरडीच आळ्यात मूठ-दोन मूठ मिसळावी. ती हळूहळू कुजते आणि काही प्रमाणात मातीतल्या किडींनाही आवरते.

जीवामृताबद्दल तू विचारले आहेस. शेण-गोमूत्राच्या या पाण्याचा प्रसार करणारे, नैसर्गिक शेतीवाले सुभाष पाळेकर आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे, 2016 साली त्यांना पद्मश्री मिळाली, त्यामुळे इकडे कुणाच्याही बांधावर गेलास तरी जीवामृताचे प्रमाण तोंडपाठ असते: 200 लिटर पाण्याला 10 किलो शेण, 5 ते 10 लिटर गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. तुझ्या बागेला याचा दहावा हिस्सा पुरे. सावलीत ठेवून, दिवसातून दोनदा काठीने ढवळून दोन-तीन दिवसांत ते वापरायला येते आणि आठवड्याच्या आत संपवावे लागते. पण त्यालाच पूर्ण खत समजू नकोस. दहा किलो ताज्या शेणात नत्र फार तर 30 ते 50 ग्रॅम, आणि ते 200 लिटरमध्ये पसरलेले. शेंगदाण्याच्या एक किलो ढेपेत याहून अधिक आहे. मातीतले जिवाणू वाढवण्यासाठी जीवामृत घालावे, पोटासाठी खाली कुजलेले शेणखत हवेच, असे माझे मत आहे. काही मंडळी यावर माझ्याशी भांडतात, आणि मी त्यांना चहा पाजतो.

हवेचे महत्त्व आपल्या विदर्भाने फार पूर्वी ओळखले आहे, हे तुला सांगायलाच हवे. पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे, ज्यांना सगळे नाडेपकाका म्हणत, त्यांनी खतासाठी जो विटांचा हौद सांगितला, त्याची लांबी 10 फूट, रुंदी 6 फूट आणि उंची 3 फूट. पण खरी खुबी मापात नाही. भिंती बांधताना विटांमध्ये मुद्दाम भोके सोडलेली असतात. त्या भोकांतून हवा आत जाते, काडीकचरा, शेण आणि माती थरांनी कुजतात, आणि तीन-चार महिन्यांत तयार झालेले खत हातात घेतले तर पहिल्या पावसानंतरच्या वावराचा वास येतो. तुझ्या ड्रमच्या शेजारी असे चार भोकांचे काहीतरी विटा रचून कर, म्हणजे वहिनींचाही राग जाईल आणि पालापाचोळाही.

तुमचा भंडारा तलावांचा जिल्हा, त्यामुळे मासळीचा टाकाऊ भाग तुला सहज मिळेल, आणि तो आमच्या नशिबात नाही. पण तो पाण्यात कुजवलास तर गाव तुला वाळीत टाकेल. ताजी डोकी, आतडी आणि खवले बारीक कापून तेवढ्याच वजनाच्या गुळाबरोबर बरणीत थर लावून ठेव, बरणी पाऊणच भर, तोंडावर कापड बांध. गूळ मासळीतले पाणी ओढून घेतो, मिश्रण आंबते, आणि त्या आंबटपणामुळे सडण्याची क्रिया रोखली जाते. तीन-चार आठवड्यांत तळाशी गडद तपकिरी अर्क जमतो आणि त्याला दुर्गंधीऐवजी गोडसर आंबूस वास येतो. कुजका वास आला तर गूळ कमी पडला आहे, आणखी घाल. लिटरभर पाण्याला 2 ते 5 मिली अर्क पुरतो. खारवलेली सुकी मासळी मात्र चालणार नाही. तिच्यातले मीठ गुलाबाला मारते.

हाडांच्या चुऱ्याचे पोते मागवू का, असे तू विचारतोस. आमच्या काळ्या मातीत मी ते कधी घालणार नाही. ही माती चुनखडीची, तिचा सामू (पीएच) बहुधा 8 च्या आसपास, आणि अशा मातीत हाडांतले स्फुरद (फॉस्फरस) जवळजवळ विरघळतच नाही. तुझी भाताची माती वेगळी आहे, म्हणून आधी ती तपासून घे. सामू 7 च्या खाली निघाला तर मूठभर घालायला हरकत नाही. आमच्याकडचे खरे दुखणे लोहाचे आहे. कोवळी पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसू लागल्या की लोक आणखी ढेपेचे पाणी घालतात, आणि झाड तसेच पिवळे राहते, कारण त्याला नत्राची भूक नसते. अशा वेळी लिटरभर पाण्यात 5 ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि थोडा लिंबाचा रस मिसळून संध्याकाळी पानांवर फवारावे, आणि मूळ उपाय म्हणून हिराकस शेणखतात मुरवून आळ्यात द्यावे.

आता वेळेचे. छाटणी दसऱ्यानंतर झालीच असेल. लालसर नवे फुटवे बोटभर होईपर्यंत ढेपेचे पाणी देऊ नकोस, आणि मग पंधरा दिवसांनी एकदा, थंडी संपेपर्यंत. त्याहून जास्त दिले तर कोंब लुसलुशीत वाढतात, त्यांवर मावा ही कीड चढते आणि जानेवारीत भुरीची पांढरी बुरशी धरते. खताचा जोर पानांत जातो आणि कळ्या मागे पडतात. कलमाच्या गाठीखालून निघालेली रानगुलाबाची फूट दिसेल तेव्हा मुळापासून काढ, नाहीतर एवढ्या खटाटोपाचे खत तीच खाऊन टाकेल. मार्चच्या अखेरीस सगळे बंद कर. आपल्याकडच्या 45 अंशांच्या उन्हात झाड जीव धरून असते, तेव्हा त्याला सावली, आच्छादन आणि साधे पाणी एवढेच हवे.

गावठी गुलाबांच्या पाकळ्यांचा वहिनी गुलकंद करतात, म्हणून शेणाचे किंवा मासळीचे कुठलेही पाणी फुलांवर आणि पानांवर उडू देऊ नकोस, ते फक्त मुळाशी घाल.

तुझ्या त्या गावठी गुलाबाच्या, पेन्सिलीएवढ्या जाडीच्या चार-पाच काड्या ओल्या कापडात गुंडाळून पाठव. मी इकडे निंबोळीच्या ढेपेची एक पिशवी आर्वीहून येणाऱ्या कुणाबरोबर तरी देईन. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
शाळेपासूनचा सोबती