खड्डे घ्या, पण धायटी राहू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वृक्षलागवडीचे दिवस जवळ आले की डोंगरउतारावर आधी 'झाडोरा साफ' केला जातो. गेल्या जूनमध्ये आमच्या गावामागच्या डोंगरावर ही साफसफाई मी उभा राहून पाहिली. कुदळीखाली सगळ्यात जास्त गेली ती धायटीची झुडपे. तिची बाजू कुणीतरी मांडायला हवी, म्हणून हे पत्र.

माघ-फाल्गुनात सह्याद्रीचे उतार पिवळे पडतात, तेव्हा धायटीच्या वाकलेल्या फांद्या शेंदरी नळ्यांसारख्या फुलांनी गच्च भरतात. शिंजीर पक्षी दिवसभर त्यांत चोच घालत असतात, गुराखी पोरे फूल खुडून मध चोखतात. आसवे-अरिष्टे आंबवायला वैद्यांना हीच फुले लागतात. संस्कृतात ती धातकी, आणि तिचे आणखी एक नाव वह्निज्वाला. ते रंगावरून पडले असावे, पण आगीशी तिचे नाते रंगापुरते नाही.

वणवा गेल्यावर काही आठवड्यांनी त्या उतारावर जाऊन बसा आणि एखाद्या काळ्या खुंटाभोवतीची राख हाताने बाजूला सारा. पावसाचा थेंब नसतो, तरी बुडाशी तांबूस कोंब वर आलेले दिसतात. फांद्या जळाल्या तरी मूळ शाबूत राहते आणि तिथून ती पुन्हा फुटते. बी अगदी बारीक. दाट सावलीत त्याचे काही चालत नाही, त्याला उघडी माती आणि ऊन हवे. जळलेला उतार, दरड कोसळलेली जागा, रस्त्यासाठी तासलेली मुरमाड कड, सगळीकडे ती रुजते. गुरे-शेळ्याही तिला सहसा तोंड लावत नाहीत. जिथे आग आणि चराई दोन्ही आहेत, तिथे ती का पसरते हे यावरून कळावे.

ही काही घाणेरीसारखी बाहेरून आणलेली नाही. मेंदी, डाळिंब आणि आपले राज्यफूल तामण यांच्याच कुळातली ही आपली देशी वनस्पती. हिमालयाच्या पायथ्यापासून श्रीलंकेपर्यंत ती आहेच, शिवाय चीन आणि मादागास्करमध्येही सापडते. तिच्या प्रजातीत जाती दोनच, दुसरी इथिओपिया आणि अरबस्तानाकडची. आपल्या उपखंडात उष्ण हवामानातली गवते सुमारे 80 लाख वर्षांपूर्वी पसरू लागली, याची खूण हिमालयाच्या पायथ्याशी असलेल्या शिवालिक टेकड्यांच्या जुन्या मातीत मिळते. गवत वाळणार तिथे आग लागणारच. आगीतून उठणाऱ्या झाडाझुडपांना इथे जागा आहे ती अशी फार जुनी.

'धायटी जळून उगवते, म्हणजे वणव्याने काही बिघडत नाही,' असे म्हणणारेही भेटतात. ते मला अजिबात पटत नाही. सह्याद्रीतले बहुतेक वणवे माणसाने लावलेले असतात, आणि राखीव वनात आग लावणे 1927 च्या वन अधिनियमाने गुन्हा आहे. दरवर्षी जळणाऱ्या उतारावर इतर झाडांची कोवळी रोपे हातभर होण्याआधीच संपतात. जिथे नुसती धायटीच उरली आहे, तो डोंगर फार वेळा जळला आहे असे समजावे. मात्र आमच्याच डोंगरामागच्या एका घळीत चार-पाच वर्षे आग शिरली नाही, तिथे धायटीच्या आडोशाला ऐन आणि आवळ्याची रोपे मी पाहिली आहेत. ती मोठी होऊन सावली धरतील तेव्हा धायटी आपोआप मागे हटेल. तिला उपटायची गरजच पडत नाही.

गेल्या जूनमध्ये धायटी काढून लावलेली रोपे यंदा मार्चमधल्या वणव्यात गेली. उपटायच्या राहिलेल्या धायटीच्या खुंटांना एप्रिलअखेर वीतभर फुटवे होते. या पावसाळ्यात लागवड करणाऱ्यांनी धायटी सोडून खड्डे घ्यावेत, काढायचीच तर घाणेरी काढावी, आणि उतारावरच्या, वणवा अडवणाऱ्या जाळरेषा पुढच्या जानेवारीतच काढून व्हाव्यात, एवढी विनंती आपल्या पत्रातून संबंधितांपर्यंत पोहोचावी.

आपला,
एक वाचक