चोपण जमिनीला चुना विकलात, पैसे परत करा

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

साहेब / मॅडम,

मी मुलुंडला राहतो, नोकरी इथेच. गावी निफाड तालुक्यात आमची दोन एकर जमीन आहे, ती भाऊ कसतो. वर्षानुवर्षं कॅनॉलचं पाणी आणि उसाचे खोडवे घेऊन जमीन चोपण झालीय, ओली असली की चिकट नि वाळली की दगड. म्हणून गहू पेरायच्या आधी माती तपासली, सामू (pH) 8.7, सेंद्रिय कर्ब 0.32 टक्के, मुक्त चुनखडी 12 टक्के. हा रिपोर्ट मी तुमच्या दादरच्या ऑफिसला स्वतः नेऊन दाखवला, तुमच्या माणसाने तो वाचला आणि म्हणाला आमचं भूसुधारक सगळ्या जमिनींना चालतं, बिनधास्त टाका. मी 30 गोण्या घेतल्या, 14,400 रुपये.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात भावाने 24 गोण्या टाकून त्र्यंबक वाणाचा गहू पेरला. एकविसाव्या दिवसाचं पाणी द्यायच्या वेळेला, म्हणजे मुकुटमुळं फुटतात तेव्हा, रान पिवळं पडलेलं, फुटवेच नाहीत. दोन सारे, म्हणजे रानातले दोन पट्टे, त्याने तुमची पावडर न टाकता नुसत्या शेणखतावर ठेवले होते, बाकी खत-पाणी सारखंच, ते हिरवेगार.

कृषी सहाय्यकांनी गोणीच्या मागचं बारीक अक्षर वाचून दाखवलं, आत चुना आणि डोलोमाईट आहे! अहो चुना आंबट, म्हणजे आम्लधर्मी, जमिनीला देतात, कोकणातल्या तांबड्या मातीला द्या की. आमच्या रानात आधीच चुनखडी जास्त, त्यामुळे स्फुरद (फॉस्फरस) अडकून बसतं, जस्त आणि लोह पिकाला मिळत नाही, त्यात तुम्ही अजून चुना ओतायला लावला. आम्हाला गंधक, भरपूर शेणखत, धैंच्याचं हिरवळीचं खत आणि पाण्याचा निचरा होईल असे चर पाहिजे होते, आणि हे रिपोर्ट वाचणाऱ्या माणसाला कळायलाच हवं होतं. भाऊ रात्रीची लाईट असते तेव्हा थंडीत पाणी भरतो, त्याला मी फोनवर काय सांगू?

मला 14,400 रुपये परत पाहिजेत, वर झिंक सल्फेट फवारायचा खर्चही. आणि गोणीच्या पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात छापा की हे फक्त आंबट जमिनीसाठी आहे, दुसरा कोणी फसायला नको. 15 दिवसांत उत्तर आलं नाही तर 1915 वर ग्राहक हेल्पलाईनला तक्रार टाकणार.

पावती, माती रिपोर्ट, गोणीवरच्या बॅच नंबरचा आणि दोन्ही साऱ्यांचा फोटो जोडलाय. उरलेल्या 6 गोण्या पडवीत पडल्यात, त्या न्यायला माणूस पाठवा.

आपला ग्राहक,
मुलुंड, मुंबई