सागरी पोलिसांना दर्या जाणणारी माणसे द्या

मा. संपादक महोदय,

सागरी सुरक्षेची चर्चा निघाली की नौका किती आणि ठाणी किती, याचाच हिशेब मांडला जातो. त्या नौका चालवणार कोण, हा प्रश्न मागेच राहतो. १९९३ च्या आरंभी रायगडमधील दिघी आणि शेखाडी येथे शस्त्रे व स्फोटके उतरवली गेली आणि १२ मार्चला मुंबई हादरली. त्यानंतर ‘ऑपरेशन स्वान’ ही नौदल, तटरक्षक दल आदींची संयुक्त गस्त सुरू झाली खरी, परंतु किनारी राज्यांच्या पोलिसांना स्वतःची सागरी ठाणी व गस्ती नौका देणारी केंद्राची योजना यायला २००५ साल उजाडावे लागले. पुढे तीनच वर्षांनी, २६ नोव्हेंबर २००८ रोजी, ‘कुबेर’ ही मासेमारी नौका बळकावून आलेले दहा दहशतवादी रबरी होडीतून कुलाब्याजवळच्या मच्छीमार वस्तीत उतरले, तेव्हा त्यांना प्रथम हटकले ते तिथल्या कोळी बांधवांनीच.

किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंत, गस्त घालणे, नौकांचे परवाने व खलाशांची ओळखपत्रे तपासणे, बंदरांवर नजर ठेवणे आणि समुद्रात घडलेल्या गुन्ह्यांचा तपास करणे हे सागरी पोलिसांचे काम आहे. तटरक्षक दलाने संशयित नौका पकडली तरी पुढील कारवाईसाठी ती बहुधा पोलिसांच्याच स्वाधीन होते. एवढी जबाबदारी ज्याच्यावर टाकायची, तो शिपाई मात्र जिल्हा दलातून बदलीवर येतो. खाडीच्या मुखाशी गाळ कुठे साचला आहे, ओहोटीला नौका कोणत्या अंगाने काढावी, अनोळखी होडीची चाल कशी ओळखावी, हे त्याच्या अंगवळणी पडेपर्यंत पुन्हा बदलीचा आदेश हातात पडतो.

केरळने २०१७ च्या ओखी चक्रीवादळानंतर मच्छीमार कुटुंबांतील तरुणांना किनारी ठाण्यांत वॉर्डन म्हणून घेतले. आपल्याकडे सागर सुरक्षा दलाचे सदस्य स्वयंसेवक म्हणून माहिती देतात; त्यांच्या निष्ठेबद्दल मला नितांत आदर आहे, पण कायमस्वरूपी यंत्रणा स्वयंसेवेवर उभी राहत नाही. राज्याने सागरी पोलिसांचा स्वतंत्र संवर्ग निर्माण करावा आणि तांडेल (नौकेचा प्रमुख), खलाशी व इंजिनचालक या पदांवर कोळी, भंडारी, दालदी अशा समाजांतील अनुभवी तरुणांची नियमित वेतनावर भरती करावी. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात त्यांना कायदा आणि तपासाचे प्रशिक्षण सहज देता येईल.

आपला विश्वासू,
किनारपट्टीवरील एक वाचक