ज्याला फाशी पाहिजे त्यालाच सोडवायचा उद्योग

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

रविवारच्या अंकात तुम्ही अर्धं पान भरून लोकांची मतं छापलीत. स्टँडवर, मार्केट यार्डात, कॉलेजच्या कट्ट्यावर जाऊन विचारलंत की सध्या गाजत असलेल्या त्या खुनातला आरोपी तुम्हाला दोषी वाटतो का, आणि मधोमध त्याचा मोठा कलर फोटो. एवढ्या लोकांत एकजणही "मला काय माहीत बाबा" असं म्हणालेला नाही, म्हणजे सगळ्या जिल्ह्याला सगळं ठाऊक आहे आणि पोलीस उगाच तपास करत बसलेत. केसचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, अजून चार्जशीटसुद्धा गेलेलं नाही, आणि माझं म्हणणं त्या एका केसपुरतं नाहीच.

माझं विजयनगरला कोर्टाजवळ झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. कायदा शिकलेली नाही मी, पण इतकी वर्षं पंचनामे, जबाब, जामीन अर्ज हाताखालून जातात, वकील लोक बाकड्यावर चहा पीत बोलत असतात, मग थोडंफार कळायला लागतंच की.

आधी त्या फोटोचं बोलते. खून करणारा ओळखीचा नसेल, म्हणजे भाऊबंदकी नाही, शेजारपाजार नाही, कुणीतरी अनोळखी माणूस आला आणि मारून गेला असं असेल, तर ज्यानं बघितलं त्याच्याकडून ओळख परेड करून घेतात. ती जेलमध्ये होते, तहसीलदार नाहीतर नायब तहसीलदार घेतात, तपासाच्या पोलिसांना तिथं थांबू देत नाहीत, दोन पंच असतात, आरोपीच्या वयाचे आणि अंगलटीचे सहाएक डमी आणून ओळीत उभे करतात, आणि मग साक्षीदारानं येऊन सांगायचं की हाच तो. म्हणून तर रिमांडला आणताना तोंडावर काळा बुरखा घालतात. लोकांना वाटतं पोलीस त्याला जपतायत, मागनं ओरडत असतात, काढा त्याचा बुरखा, बघू दे आम्हाला थोबाड. अहो तो बुरखा सरकारी वकिलाच्या कामाचा आहे! आता तुम्ही फोटो छापला, तोच फोटो दुपारपर्यंत सगळ्यांच्या स्टेटसला लागला, मग परेडमध्ये साक्षीदारानं अगदी बरोबर माणूस ओळखला तरी उद्या उलटतपासात आरोपीचा वकील एवढंच विचारणार की परेडच्या आधी तुम्ही पेपरात फोटो बघितला होता का. हो म्हटलं तर विषय संपला, नाही म्हटलं तर तुमचा अंक पुढं ठेवणार. असल्या कात्रणांच्या झेरॉक्स आमच्याच दुकानात निघतात, मला वेगळं कुणी सांगायला नको. परेड हा काही मुख्य पुरावा नव्हे, कोर्टात उभं राहून ओळखायला लागतंच, पण परेडच नासली की कोर्टातल्या त्या ओळखण्यालाही दम राहत नाही. म्हणजे ज्याला भर चौकात लटकवा म्हणून फोटो फिरवला, त्याच्या सुटकेचं निम्मं काम फोटो फिरवणाऱ्यांनीच फुकटात करून दिलं.

दुसरं तुमचं हेडिंग, "आरोपीची कबुली". हे वाचलं की वडापमध्ये मिरजेपासून सांगलीपर्यंत एकच चर्चा, कबूल केलंय की हो त्यानं, मग आता कोर्ट कशाला पाहिजे. पोलिसांपुढं दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. जुन्या पुरावा कायद्यात ते कलम २५ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला त्यात कलम २३ आहे, आकडा बदलला, गोष्ट तीच. आरोपीनं सांगितल्यावरून सुरी, कपडे असं काही सापडलं तर तेवढ्यापुरतं घेतात, बाकी नाही. इंग्रजांनी १८७२ ला तो कायदा केला तेव्हा त्यांना स्वतःच्याच पोलिसांवर भरवसा नव्हता, आणि आपण मात्र डोळे झाकून भरवसा ठेवतोय. नार्को करा, नार्को करा असंही लोक म्हणत असतात, पण माणसाच्या मर्जीविरुद्ध नार्को करता येत नाही हे सुप्रीम कोर्टानं २०१० मध्येच सांगून ठेवलंय.

आणि कबुली कशी निघते हे दुसऱ्या कुठल्या जिल्ह्याला माहीत नसलं तर चालेल, सांगलीला माहीत पाहिजे. २०१७ च्या नोव्हेंबरमधलं आठवा. लुटीच्या संशयावरून धरलेला पोरगा, पोलीस म्हणाले कोठडीतनं पळून गेला, आणि पहिल्या दिवशी कितीतरी लोकांनी मान डोलावली की चोरच तो, पळणारच. मग बाहेर आलं की मारहाणीत मेला होता आणि बॉडी आंबोलीला नेऊन जाळली होती, आणि पोलिसांवरच खुनाचा गुन्हा दाखल झाला. त्यावर सांगली बंद, मोर्चे, सगळं झालं, व्हायलाच पाहिजे होतं. पण त्या वेळीसुद्धा मी दुकानात म्हणत होते की आता या पोलिसांनाही वकील मिळायला पाहिजे, उलटतपास मिळायला पाहिजे, तर लोक माझ्याकडं असं बघत होते जसं काय मीच त्यांची नातेवाईक.

म्हैसाळचं तर त्याहून वाईट झालं. २० जून २०२२, मिरज तालुक्यातलं आपलं म्हैसाळ, दोन भावांची दोन घरं, एक जनावरांचे डॉक्टर, एक शिक्षक, आई-बायका-पोरांसकट नऊ जण मेलेले सापडले. चिठ्ठ्या मिळाल्या, त्यात सावकारांची नावं, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या महाराष्ट्रानं ठरवून टाकलं की सावकारांच्या जाचाला कंटाळून सामूहिक आत्महत्या. तुमच्यासकट सगळ्या पेपरांनी तेच छापलं, अग्रलेख सावकारीवर, टीव्हीवर चर्चा सावकारीवर. वीस-पंचवीस जणांवर आत्महत्येला प्रवृत्त केल्याचा गुन्हा, धडाधड अटका. मग आठवड्याभरात पोलिसच सांगायला लागले की ही आत्महत्या नाहीच, गुप्तधन काढून देतो म्हणून पैसे घेतलेल्या सोलापूरच्या एका मांत्रिकानं साथीदाराला घेऊन विष दिलं. म्हणजे आत्महत्या म्हणून ज्यावर आपण आठवडाभर हळहळलो तो पोलिसांच्याच म्हणण्याप्रमाणे नऊ जणांचा खून होता. सावकारीचा त्रास खोटा होता असं मी म्हणत नाही, आपल्या भागात तो किती आहे हे टायपिंगला येणाऱ्या नोटिशींवरून मला चांगलं कळतं, त्याचे गुन्हे त्याच्या जागी. पण आठवडाभर सगळी बोटं एकीकडं होती आणि ज्यांच्यावर आता आरोप आहे ते दुसरीकडं होते. आणि खरी मजा पुढं आहे, आत्महत्येची थिअरी पडल्यावर ज्या लोकांनी सावकारांना फाशी मागितली होती त्यांनीच त्याच रात्री, त्याच जोरात, मांत्रिकाला फाशी मागितली. मध्ये एक दिवस गप्प बसावं, चार्जशीट येऊ दे म्हणावं, असं कुणालाच वाटलं नाही.

दिल्लीकडं नोएडाला २००८ मध्ये आरुषी तलवार या शाळकरी मुलीचा घरातच खून झाला, तिथं तर घरातल्या ज्या नोकराला सगळे खुनी म्हणत होते त्याचीच बॉडी दुसऱ्या दिवशी त्याच घराच्या गच्चीवर सापडली. मग आई-बाप खुनी, मग दुसरे नोकर, मग परत आई-बाप. आई-बापाला २०१३ ला जन्मठेप झाली, २०१७ ला अलाहाबाद हायकोर्टानं सोडलं. लोकांचं मत मात्र प्रत्येक वेळी पक्कंच होतं.

कुणाला कोणाची दया येते हेही बघण्यासारखं आहे. १९५९ मध्ये मुंबईत नेव्हीच्या कमांडर नानावटीनं बायकोच्या मित्राला गोळ्या घातल्या, स्वतः जाऊन हजर झाला. गोरागोमटा, युनिफॉर्ममधला, इज्जतीचा माणूस, मग काय, ब्लिट्झ पेपरनं त्याची बाजू उचलून धरली, चार आण्याचा अंक दोन रुपयाला जात होता म्हणतात. ज्युरीनं आठ विरुद्ध एकनं निर्दोष ठरवला. सेशन जज्जांना ते पटलं नाही, त्यांनी हायकोर्टाकडं पाठवलं, तिथं जन्मठेप झाली, १९६१ ला सुप्रीम कोर्टात कायम झाली, आणि शेवटी राज्यपालांनी माफी दिली. मेलेल्या माणसाचं नाव आज किती जणांना सांगता येतं बघा विचारून.

आता दुसरी बाजू. २००३ मध्ये नाशिककडं पेरूच्या बागेत राहणाऱ्या कुटुंबावर दरोडा पडला, खून झाले, बलात्कार झाले, भयंकर केस. भटक्या जमातीतले सहा जण धरले. त्यांच्यासाठी कोण अंक काढणार, कोण माफी मागणार? २००९ मध्ये सुप्रीम कोर्टानं सहाच्या सहा जणांना फाशी सुनावली. मग परत सुनावणी झाली तेव्हा समोर आलं की ज्या बाईनं सगळं डोळ्यांनी बघितलं होतं तिनं सुरुवातीलाच पोलिसांच्या फोटोंच्या अल्बममधनं वेगळेच चौघे ओळखले होते, आणि ते कागद कोर्टापुढं नीट आणलेच नव्हते. ५ मार्च २०१९ ला सगळे निर्दोष सुटले, सोळा वर्षं आत काढून. त्यातला एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. सरकारनं प्रत्येकी पाच लाख द्यावेत असा हुकूम झाला. तुम्हीच सांगा, त्या वेळी कुणी माईक घेऊन विचारलं असतं तर किती जणांनी "माहीत नाही" म्हटलं असतं? आणि तिनं ओळखलेले ते चौघे त्या सोळा वर्षांत कुठं होते, याचा राग कुणाला आला?

यावर लोक मला म्हणतात, वहिनी, तुमच्या घरातलं कुणी गेलं असतं तर असं बोलला असता का. नसते बोलले कदाचित. म्हणूनच न्याय करायचं काम घरच्या माणसाकडं देत नाहीत, आणि स्टँडवरच्या माणसाकडं तर मुळीच नाही. आरोपीचं वकीलपत्र कुणी घेऊ नका असे ठराव वकिलांच्या संघटना करतात ते बेकायदा आहेत असं सुप्रीम कोर्टानं २०१० मध्ये स्पष्ट म्हटलंय. कसाबला सरकारनं वकील दिला तेव्हा किती बोंबाबोंब झाली, पण त्याच खटल्यातले दोन भारतीय आरोपी पुराव्याअभावी सुटले आणि ते सुप्रीम कोर्टापर्यंत टिकलं, हे कुणी सांगत नाही. कसाबची फाशीही टिकली, ती या सगळ्यातनं गेली म्हणूनच टिकली.

मला खरी चीड कशाची येते सांगू का? पहिल्या रिमांडला कोर्टाबाहेर नुसती झुंबड, घोषणा, मेणबत्त्या, चॅनलच्या गाड्या, आमच्या दुकानापुढं पाय ठेवायला जागा नसते. मग जामीन अर्ज, मग चार्जशीट, मग दोषारोप ठेवायच्या तारखा, जज्ज बदलतात, सरकारी वकील बदलतात, तीन-चार वर्षं जातात आणि एकदाची साक्ष सुरू होते. त्या दिवशी कोण असतं? मेलेल्या पोराची आई असते, पिशवीत कागद, नकलेचा अर्ज टाईप करून दे म्हणते. आणि साक्षीदार असतो, एकटा, समोर बाकड्यावर आरोपीचे भाऊ-चुलते बसलेले, त्यातला एकजण मुद्दाम येऊन पाणी पाहिजे का विचारून जातो. अशानं माणूस फितूर होतो. पंच म्हणतो माझी फक्त सही घेतली, मला काय माहीत नाही. फाशी द्या म्हणणाऱ्या त्या गर्दीतले पाच लोक जरी त्या दिवशी हॉलमध्ये मागं गप्प बसले असते ना, तर त्या साक्षीदाराला केवढा धीर आला असता. पण तोपर्यंत लोक दुसऱ्या खुनावर मत द्यायला गेलेले असतात. मग निकाल लागतो, सुटला, की परत सगळे येतात, कोर्ट विकलं गेलं म्हणायला. जबाब कुणी वाचलेले नसतात. निकालपत्र तर कुणीच वाचत नाही, वेबसाईटवर फुकट असतं तरी.

तेव्हा संपादक साहेब, मत मागायचं बंद करा म्हटलं तरी तुम्ही करणार नाही, खप बघायचा असतो, समजतं मला. निदान एवढं करा. तो आरोपीचा फोटो तुमच्या वेबसाईटवर अजून आहे तो आज काढा, परेड झालीय का नाही ते तपास अधिकाऱ्याला विचारा आणि मगच पुढचा फोटो. "कबुली" हे हेडिंग द्यायचंच असेल तर खाली एक ओळ टाका की पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही. ज्याला अटकेच्या दिवशी पहिल्या पानावर घेतलं तो सुटला तर तेही पहिल्या पानावर, सातव्या पानावर भडंगाच्या जाहिरातीखाली दोन ओळी नकोत. आणि तुमचा कोर्टाचा बातमीदार अटकेच्या दिवशी येतो तसा साक्षीच्या तारखांनाही पाठवा. सुरुवात म्हैसाळपासून करा की, नऊ माणसं गेली, ती केस आज कुठवर आलीय, किती साक्षी झाल्या, पुढची तारीख कधी आहे, हे एकदा छापा.

कळावे,
आपली,
एक झेरॉक्सवाली
विजयनगर, सांगली