चिरलेली तबली आणि मिरजेचे चाचा

चाचा, नमस्कार.

आईचा तानपुरा घेऊन मी मिरजेत तुमच्या दुकानाच्या पायरीवर आले, तेव्हा त्याची तबली, म्हणजे भोपळ्यावरची लाकडी फळी, घोडीपासून (तारा टेकतात त्या पट्टीपासून) खाली उभी चिरली होती. घर बदलताना हमालाच्या हातून सुटला. त्याआधी दुसऱ्या एका गावच्या दुकानात गवसणीही न काढता 'आता नवाच घ्या' असं ऐकून आले होते. तुम्हीही तेच म्हणाला असतात तर घेतला असता; तुमच्या भिंतीला चार नवे करकरीत टेकलेलेच होते.

तुम्ही आधी चिरेला नाक लावलंत. मग नखाने जरासं पॉलिश खरवडून आतला विटकरी रंग दाखवलात. "ताई, तून आहे. जुनं." मी इतकी वर्षं ते सागवान समजत होते!

माळ्यावरून तुम्ही एका मोडक्या तानपुऱ्याची तबली काढलीत. तिच्यातली काडीएवढी पट्टी कापून, रेषेला रेष जुळवून चिरेत बसवलीत, सरस लावून दोरीने आवळलीत आणि मला तीन आठवडे फिरकू दिलं नाहीत. तेव्हा मी वैतागले होते, खरं सांगते.

जुना तुकडाच का, हे नंतर वाचून कळलं. तून कडुनिंबाच्या कुळातला. सह्याद्रीच्या दाट रानात ओढ्याकाठी वाढतो, आणि तोच थेट पूर्व ऑस्ट्रेलियाच्या वर्षावनातही. तिकडे एकोणिसाव्या शतकात त्याला 'लाल सोनं' म्हणत, आणि तोड अशी झाली की जुनी मोठी झाडं फारशी उरलीच नाहीत. लागवड करावी तर एक अळी कोवळा शेंडाच पोखरते. म्हणजे असं जुनं लाकूड सहज मिळायचं नाही. तुमच्या माळ्याला मी मनात अडगळ म्हटलं होतं, ते परत घेते.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा पेपर वाचताना मला ती काडीएवढी पट्टीच आठवली. आता पॉलिशखाली ती मलाही सापडत नाही. खर्ज मात्र आईच्या वेळेसारखा भरून येतो.

मे महिन्यात घाटात तुनाचं वाळलेलं बोंड मिळालं, पाच पाकळ्यांनी उघडलेलं, लाकडी फुलासारखं. जवारी काढायला, म्हणजे घोडी घासून तारांचा झंकार जुळवून घ्यायला, येईन तेव्हा घेऊन येते.

तुमची,
तीन आठवडे रोज फोन करणारी ताई