विश्वामित्रीकाठचे प्रबंध काठावर परत यावेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वडोदऱ्यात ३१ वर्षे भूगोल शिकवून मी निवृत्त झाले. विश्वामित्री नदीला ऑगस्ट २०२४मध्ये आलेल्या पुरानंतर काही महिन्यांनी एम.ए. करणारी एक विद्यार्थिनी आमच्या दांडिया बाजारातल्या घरी आली. तिला माझ्याशी नव्हे, माझ्याकडे कामाला येणाऱ्या मावशींशी बोलायचे होते. नदीकाठच्या वस्त्या उठवल्यावर माणसांचे काय होते, हा तिच्या प्रबंधाचा विषय. मावशींची वस्ती विश्वामित्रीच्या काठावरून उठली आणि त्यांना शहराच्या टोकाला चौथ्या मजल्यावर घर मिळाले.

मुलीने फॉर्म काढला. उत्पन्न, रेशनकार्ड, नळ, संडास. मावशी मेथी निवडता निवडता उत्तरे देत होत्या. मग तिने पेन खाली ठेवून विचारले, "मावशी, पाणी यायचं कुठून?" पुढचा तासभर मीही हातातले काम सोडून ऐकत बसले. मावशी म्हणाल्या, नदी समोरून आधी येतच नाही. आधी मागची कांस, म्हणजे पावसाचं पाणी नदीत नेणारा नाला, फुगते. नदी चढली की कांशीचं पाणी तिच्यात उतरत नाही, उलटं फिरतं आणि वस्तीत शिरतं. कांशीच्या तोंडाशी कडुलिंब होता. त्याच्या बुंध्याला पाणी लागलं की म्हातारी माणसं नि पोरं आधी बाहेर, भांडीकुंडी मागून.

काळ्या घोड्याच्या पुलापाशी २६ फूट ही धोक्याची पातळी. त्या पुरात पाणी ३५ फुटांच्या वर गेले. पण हा आकडा नदीचा झाला. कांस कुठे उलटली आणि किती वाजता, ते फक्त मावशींसारख्यांना ठाऊक असते, आणि नेमकी तीच माणसे आता काठावर नाहीत. पूर्वी त्या वीस मिनिटांत चालत कामावर यायच्या. आता दोन रिक्षा बदलतात. भाडे परवडेना म्हणून दोन घरची कामे त्यांनी सोडली. भराव टाकून उंचावर बांधलेल्या इमारती मात्र आहेत तिथेच आहेत. भरावाने अडलेले पाणी शेजारच्या सखल भागात जाते, हे मी नववीच्या वर्गात शिकवत असे. नदीला जागा करून द्यायला कोण उठले आणि कोण राहिले, हे मनाला फार लागते.

विद्यार्थ्यांच्या कामाला कमी लेखू नये. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट बुलार्ड यांनी आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन कचरा टाकण्याच्या जागा शोधल्या. महापालिकेचे पाचही कचरा-डेपो कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत निघाले, आणि शहरात ते लोक होते पाव हिस्सा. नव्या डेपोविरुद्धचा खटला रहिवासी हरले, तरी पर्यावरणीय न्यायाचा, म्हणजे प्रदूषणासारख्या संकटांचा भार कोणावर पडतो याचा, अभ्यास त्या पाहणीपासून पुढे वाढत गेला.

आपल्याकडे २०२१ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने विश्वामित्री जपण्यासाठी आदेश दिला. २०२५च्या पावसाळ्याआधी पात्र खोल-रुंद करण्याचे कामही झाले. अशा वेळी त्या मुलीचा प्रबंध कुठे आहे? ग्रंथालयाच्या कपाटात, इंग्रजीत. मावशींनी मला तीनदा विचारले, "त्या पोरीनं काय लिहिलं हो माझ्याबद्दल?" मला सांगता आले नाही. दोष मुलीचा नाही. तशी पद्धतच कुणी घालून दिलेली नाही.

ती पद्धत भूगोल विभागांनी घालावी. जिथे पाहणी केली त्या लोकांना दोन पानी गोषवारा आणि एक नकाशा, गुजरातीत नि मराठीत, द्यायलाच हवा. एक प्रत वॉर्ड ऑफिसात जावी. तोंडी परीक्षेआधी वस्तीत वाचून दाखवावा, म्हणजे चुका तिथेच निघतील. आपणही महिन्यातून एकदा अशा गोषवाऱ्याला अर्धा कॉलम द्यावा, ही विनंती.

चुका निघतात हे मी पाहिले आहे. शेवटी मी त्या मुलीकडून नकाशा मागवला आणि त्यावर मराठीत नावे लिहून मावशींपुढे ठेवला. त्यांनी बराच वेळ पाहिला. मग ओल्या बोटाने दाखवत म्हणाल्या, "बाई, ही कांस इथून वळत नाही. देवळाच्या मागून जाते." मी पेन्सिलीने दुरुस्ती केली आहे. कागद माझ्याजवळ आहे, विभागाने केव्हाही घेऊन जावा.

आपली,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका
दांडिया बाजार, वडोदरा